शाळेच्या फाटकासमोरच्या गाड्या : डब्लिनच्या एका उपनगरातलं प्रकरण

डब्लिनच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात प्राथमिक शाळेसमोर फुटपाथवर गाड्या चढवण्यावरून दोन शालेय वर्षं जे काही घडलं, त्याची ही नोंद आहे. त्या काळात मी शाळेच्या पालक संघटनेची चिटणीस होते, त्यामुळे बैठकांची टिपणं माझ्याकडेच असायची. कुणी ओळखू येऊ नये म्हणून शाळेचं आणि वसाहतीचं नाव दिलेलं नाही, काही तपशीलही बदलले आहेत. आयर्लंडला नव्याने आलेल्या मराठी पालकांना याचा उपयोग होईल असं मला वाटतं. मूल इथल्या शाळेत जायला लागलं की पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न समोर उभा राहतो.

पार्श्वभूमी

शाळा सत्तरच्या दशकातल्या वसाहतीत आहे. जोडघरांच्या रांगा, प्रत्येक घरापुढे एका गाडीची जागा, मधूनमधून पुढे वाट नसलेल्या गल्ल्या, आणि शाळेला लागूनच चर्च. इथल्या बहुतेक प्राथमिक शाळा कॅथलिक व्यवस्थापनाच्या असल्यामुळे शाळा-चर्चचा असा शेजार सगळीकडे दिसतो. ही शाळा बांधली तेव्हा मुलं आजूबाजूच्या घरांतून चालत यायची. 1986 च्या जनगणनेत देशातली जवळजवळ निम्मी प्राथमिक मुलं चालत शाळेत जात होती. 2016 पर्यंत तो आकडा पाव हिश्शावर आला आणि गाडीने जाणारी मुलं सुमारे साठ टक्के झाली. सायकलवाली दोन टक्केही नव्हती.

आमच्या शाळेत हा बदल आणखी ठळक होता. अडीच किलोमीटरवर नव्या अपार्टमेंटची वस्ती उभी राहिली. आयटीतली, हॉस्पिटलमधली, गोदामांत काम करणारी कुटुंबं तिथे राहायला आली, त्यात मराठी घरंही बरीच. मध्ये दोन लेनचा मोठा गोल चौक आहे. तो सहा वर्षांच्या मुलाला सायकलवर पार करायला लावणं कुणाच्याही जिवावर येईल. आपल्याकडच्यासारखे व्हॅनकाका इथे नाहीत. सरकारी स्कूलबसचा हक्क मिळायला तेव्हा घर शाळेपासून किमान 3.2 किलोमीटर लांब असावं लागायचं, म्हणजे या वस्तीला तोही नव्हता. बहुतेक आईवडिलांना मुलाला सोडून तसंच पुढे एम-50 महामार्ग धरून कामावर जायचं असायचं. गाडी काढण्यात आळसाचा भाग फारसा नव्हता.

आणखी एक गोष्ट बाहेरच्याला पटकन लक्षात येत नाही. शाळा 8:50 ला भरते आणि 2:30 ला सुटते, पण ज्युनिअर आणि सिनिअर इन्फंट्स, म्हणजे पहिल्या दोन वर्षांची मुलं, एक तास आधी, 1:30 ला सुटतात. ज्यांचं एक मूल इन्फंट्समध्ये आणि दुसरं वरच्या वर्गात, ते पालक मधला तासभर गाडीतच बसून राहतात. घरी जाऊन परत यावं, तर जागा जाते. त्यामुळे दुपारी फाटकासमोरची जागा तास-तास अडलेली असते.

नेमकी अडचण

फाटकासमोर रस्त्यावर पिवळ्या नागमोडी रेषा आहेत, तिथे थांबायचं नसतं. एका कडेला सायकलसाठी तुटक रेषेची पट्टी आखलेली होती. सकाळी साडेआठ ते नऊ या वेळात यातलं काहीच दिसायचं नाही. रस्ता इतका अरुंद की एक गाडी कडेला उभी राहिली तर समोरासमोरच्या दोन गाड्या निघत नाहीत. म्हणून लोक दुसऱ्यांना वाट मिळावी अशा भल्या हेतूनेच दोन चाकं फुटपाथवर चढवायचे. एकाने दोन चढवली की पुढचा चारही चढवायचा. पार्किंगचे दिवे लुकलुकत ठेवायचे, "दोन मिनिटांत आलोच" म्हणायचं, आणि मूल वर्गाच्या रांगेत उभं राहीपर्यंत गाडी तिथेच.

नोव्हेंबरातल्या एका पावसाळी सकाळी गोष्ट हाताबाहेर गेली. नाशिकहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या एक आजी नातीला शाळेत सोडायला निघाल्या होत्या. धाकटा नातू बाबागाडीत. फाटकाच्या अलीकडे एक गाडी कुंपणाच्या झुडपाला टेकेपर्यंत फुटपाथवर घेतलेली. आजींनी नातीचा हात धरला आणि बाबागाडी खाली रस्त्यावर घेतली. त्याच क्षणी मागून तिसरीतल्या एका मुलाचे वडील मुलाला मागच्या सीटवर बसवून सायकलवर येत होते. समोर अचानक बाबागाडी दिसली, त्यांनी करकचून ब्रेक दाबला, ओल्या पानांवरून सायकल घसरली. मुलाला हेल्मेटमुळे काही झालं नाही. वडिलांचं मनगट मोडलं. आजी जागच्या जागी थरथरत उभ्या. घरी गेल्यावर सुनेला त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, चालायच्या जागेवर गाडी, आणि गाडीच्या जागेवर मी. मी जायचं तरी कुठून?"

त्या दिवसापासून त्यांनी नातवंडांना एकटीने शाळेत नेणं बंद केलं.

ती गाडी कुणाची होती, हे सगळ्यांना माहीत होतं. तीन मुलांची आई. मधल्या मुलाला गर्दी, हॉर्न, ओलं हे काहीच सहन होत नाही, तो वाटेत बसकण मारतो आणि उठत नाही. त्याची ऑटिझमची तपासणी रांगेत अडकलेली. अपंगांसाठीचं पार्किंग कार्ड इथे चालण्याच्या क्षमतेवरून देतात, आणि हा मुलगा चालू शकतो, त्यामुळे ते मिळत नव्हतं. फाटकाला खेटून गाडी लावण्याची खरी निकड त्या रस्त्यावर जर कुणाला होती, तर या बाईंना होती. हे आमच्यातल्या बहुतेकांना पुष्कळ उशिरा कळलं.

समोर असलेले पर्याय

अपघातानंतर आठवड्याभरात पालक संघटनेने सहा जणांची समिती नेमली. पहिल्याच बैठकीत चार गोष्टी पुढे आल्या.

दंड करायला लावणं ही पहिली. फुटपाथ, सायकल ट्रॅक किंवा बस लेनमध्ये गाडी लावल्याचा दंड 1 फेब्रुवारी 2022 पासून 40 वरून 80 युरो झालेला आहे. कायदा आहे, रक्कमही झोंबणारी आहे. मुख्याध्यापिकेने पोलिसांना आणि कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, पार्किंग वॉर्डनना पत्र लिहिलं. वॉर्डन आले, काही चिठ्ठ्या फाडल्या आणि तो आठवडा फुटपाथ मोकळा राहिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एका वॉर्डनकडे अनेक शाळा आणि सगळ्यांची वेळ तीच, त्यामुळे तो रोज इथे उभा राहणं शक्यच नव्हतं.

दुसरं म्हणजे रस्त्याची रचना बदलून घेणं. 'सेफ रूट्स टू स्कूल' ही सरकारी योजना मार्च 2021 मध्ये सुरू झाली. ती अन टाश्का या संस्थेच्या ग्रीन-स्कूल्स विभागामार्फत चालते. फाटकाजवळ रंगीत पेन्सिलींच्या आकाराचे खांब दिसले की समजावं, ते याच योजनेतले. आमच्या शाळेने अर्ज आधीच केला होता, पण पहिल्याच फेरीत नऊशेच्या वर शाळांनी अर्ज केले होते. आमचा नंबर कधी लागेल, कुणी सांगू शकत नव्हतं.

तिसरा पर्याय शाळा भरताना आणि सुटताना रस्ता गाड्यांना बंदच ठेवण्याचा. डब्लिनच्या उत्तरेकडच्या मालाहाइडमध्ये 2019 साली असं करून पाहिलं गेलं होतं. आमच्याकडे याच रस्त्यावर रहिवाशांची घरं आणि पुढच्या वसाहतीत जायची एकमेव वाट, त्यामुळे कौन्सिलने सुरुवातीलाच नकार दिला.

चौथा, चर्चच्या आवारात गाड्या लावून पाच मिनिटं चालत यायचं. आठवड्याच्या दिवशी ते आवार सकाळी रिकामं असतं. हे सुचवलं त्या आजींच्या सुनेने. "आपण फाटकासमोर उभं राहू नका म्हणतो, पण उभं कुठे राहायचं ते सांगत नाही," असं ती म्हणाली, आणि बैठकीचा सूरच बदलला.

फोटोंचा प्रकार

समिती पर्यायांचा विचार करत होती तेवढ्यात एका पालकाने आपल्या परीने मार्ग काढला. फुटपाथवरच्या गाड्यांचे फोटो नंबर प्लेटसकट वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. आयर्लंडच्या नंबर प्लेटवर गाडी कोणत्या वर्षाची आणि कोणत्या काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, हे लिहिलेलंच असतं, त्यामुळे तेवढी जुनी गाडी त्या वर्गात एकच आहे, हे कळायला वेळ लागला नाही. "लाज नाही का वाटत" पासून "अशांची मुलं शाळेतून काढा" पर्यंत शब्दाने शब्द वाढत गेला. त्या आईने काही न बोलता ग्रुप सोडला. पुढचे काही दिवस तिची तिन्ही मुलं शाळेत आली नाहीत.

या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय इथे घ्यावा लागला. समितीतल्या दोघांचं म्हणणं होतं की फोटोंमुळे निदान धाक तरी बसलाय, राहू द्यावं. बाकीच्यांना ते अजिबात मान्य नव्हतं. बैठकीत बराच वेळ याच्यावरच गेला. शेवटी मुख्याध्यापिकेने स्पष्ट सांगितलं की फोटो थांबले नाहीत तर शाळा या कामातून अंग काढून घेईल. फोटो काढून टाकले गेले. मग मनगट मोडलेले वडील स्वतः त्या आईला भेटायला गेले. प्लास्टरमध्ये हात असलेला माणूस दारात उभा राहून तिच्या मुलाची चौकशी करतो, याचं तिला रडू आलं असं त्यांनी नंतर सांगितलं. मुलाबद्दलची सगळी हकीगत आम्हाला कळली ती या भेटीत.

तिच्यासाठी मार्ग काढणं त्यानंतर सोपं झालं. शिक्षकांच्या पार्किंगमधली एक जागा तिला 9:05 पासून दिली गेली. फाटकासमोरची झुंबड ओसरल्यावर ती आत गाडी घेते आणि मुलगा शांत कॉरिडॉरमधून वर्गात जातो. पंधरा मिनिटांचा उशीर हजेरीत धरायचा नाही, असं ठरलं. यासाठी एक पैसाही खर्च झाला नाही.

चर्चचं आवार

फादर पहिल्याच भेटीत हो म्हणाले. घोडं अडलं विम्यापाशी. आवारात कुणी घसरून पडलं तर भरपाईचा दावा कुणावर, हा प्रश्न आयर्लंडमध्ये कोणत्याही सार्वजनिक जागेच्या बाबतीत सगळ्यांत आधी येतो. चर्चच्या विमा कंपनीला शाळेचं पत्र हवं, शाळेच्या विमा कंपनीला चर्चचं. त्यात ख्रिसमसची सुट्टी. परवानगी हातात पडेपर्यंत ईस्टर आला.

अटी अशा होत्या. गाड्या 9:15 च्या आत निघाल्या पाहिजेत. आवारातून शाळेच्या बाजूच्या छोट्या दारापर्यंतची वाट शाळेने स्वच्छ ठेवायची, आणि ते दार शिपायाने सकाळी ठरलेल्या वेळेपुरतंच उघडायचं. अंत्यविधी असेल त्या दिवशी मात्र एकही गाडी लावायची नाही. इथे अंत्यविधीची प्रार्थना बहुधा सकाळी दहा-अकराला असते आणि गाव लोटतं. शेजारी, सहकारी, एकदाच भेटलेली माणसंसुद्धा येतात. शोक करायला आलेल्यांना जागा शोधत फिरावं लागलं तर फादरना दुसऱ्या दिवशीच परवानगी मागे घ्यावी लागली असती.

ही अट पाळायची कशी, यावर समितीने काढलेला तोडगा मला फार आवडतो. निधनाच्या बातम्या आयर्लंडमध्ये आरआयपी डॉट आयई या संकेतस्थळावर येतात, त्यात चर्चचं नाव आणि वेळ असते. एका निवृत्त आजोबांनी, तेही एका विद्यार्थिनीचे आजोबा, रोज रात्री ती यादी बघायची जबाबदारी घेतली. दुसऱ्या दिवशी आपल्या चर्चमध्ये विधी असेल तर रात्री नऊपर्यंत पालकांना निरोप जातो. एकदाही चूक झालेली नाही.

सुरुवातीला आवार वापरणारे थोडेच होते. पाऊस, घाई, सवय. मग लक्षात आलं की फाटकापाशी सोडल्यावर परत मुख्य रस्त्याला लागायलाच लोकांचा जास्त वेळ जातो, कारण गाड्या एकमेकींत अडकून पडतात. चर्चकडून बाहेर पडायची वाट वेगळी आहे. चालण्याची पाच मिनिटं धरूनही कामावर पोचायला उशीर होत नाही, हे चार-पाच जणांनी अनुभवलं आणि त्यांनीच इतरांना सांगितलं. आमच्या पत्रकांनी जे झालं नाही ते या सांगण्याने झालं.

मध्ये एक नवं दुखणं उद्भवलं. शाळेशी काहीच संबंध नसलेले लोक आवारात दिवसभर गाडी लावून ट्रेनने शहरात जाऊ लागले. फादर वैतागले, ते साहजिकच होतं. शाळेच्या पालकांना काचेवर लावायला साधी रंगीत कार्डं दिली आणि तो प्रकार बराच आटोक्यात आला. खासगी क्लॅम्पिंगवाल्यांना बोलवावं असा एक प्रस्ताव होता. तो नाकारला गेला, आणि ते योग्यच झालं. चाकाला कुलूप लागलं की ते सोडवायला शंभरावर युरो जातात. एखाद्या विसरभोळ्या पालकावर किंवा शोकसभेला आलेल्यावर ती वेळ आली असती, तर महिन्यांच्या मेहनतीवर पाणी पडलं असतं.

सायकलींचं

मनगट बरं झाल्यावर त्याच वडिलांनी शुक्रवारची सायकल बस सुरू केली. पश्चिमेकडच्या गॉलवे शहराच्या नॉकनाकॅरा भागात पालक अशी बस चालवत असल्याचं त्यांनी ऐकलं होतं. अपार्टमेंटच्या दारातून निघायचं, पुढे-मागे आणि कडेला मोठी माणसं, मध्ये मुलं. गोल चौकात दोन पालक आधी जाऊन गाड्या थांबवतात आणि सगळी रांग एकदम पार होते. इतक्या जणांना एकत्र बघून ड्रायव्हर आपणहून थांबतात, एकट्या सायकलला हा मान कधी मिळत नाही.

मराठी घरांतून आधी नकारच होता. "इतक्या थंडीत?" "गाडी असताना?" डिसेंबरमध्ये इथे सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो, त्यामुळे भीती अनाठायी नव्हती. दिवे आणि चमकणारी जाकिटं सक्तीची केली, आणि नोव्हेंबर ते जानेवारी बस बंद ठेवायचं ठरलं. एका जोडप्याने 'बाइक टू वर्क' योजनेतून दोन मुलं बसतील अशी कार्गो सायकल घेतली. या योजनेत नोकरी देणाऱ्यामार्फत सायकल घेतली की तेवढ्या पगारावरचा कर वाचतो, आणि कार्गो सायकलसाठी मर्यादा 2023 पासून 3,000 युरो आहे. त्यांनी दुसरी गाडी घ्यायचा विचार सोडून दिला. बाकीच्यांवर याचा जितका परिणाम झाला तितका कोणत्याही भाषणाचा झाला नसता.

काय साध्य झालं, काय नाही

सकाळचा फुटपाथ आता बहुतेक दिवस मोकळा असतो. बाबागाडी आणि व्हीलचेअर खाली न उतरता फाटकापर्यंत जाते. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात पेन्सिलींचे खांब बसले, रस्त्यावर रंग आला, सायकलची पट्टी अखंड रेषेची झाली.

पण खांब बसल्यावर उरलेल्या गाड्या शेजारच्या बंद गल्लीत शिरल्या. तिथल्या एका घरी अंथरुणाला खिळलेल्या गृहस्थांची शुश्रूषा करायला रोज सकाळी एक बाई येतात. त्यांना गाडी लावायला जागा मिळेना. गल्लीतल्या रहिवाशांनी शाळेकडे जी पत्रं लिहिली ती कडक होती आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

दुपारचा दीड मात्र अजून जसाच्या तसा आहे. ज्यांची भावंडं वरच्या वर्गात आहेत अशा इन्फंट्सच्या मुलांना तासभर हॉलमध्ये बसवायचं आणि पालकांनी पाळीपाळीने देखरेख करायची, अशी योजना होती. मुलांसोबत नियमित काम करणाऱ्या स्वयंसेवकांची पोलीस पडताळणी कायद्याने लागते. अर्ज भरले, काही आठवडे गेले, तोवर निम्म्यांच्या कामाच्या पाळ्या बदलल्या. योजना तिथेच बारगळली.

वेगळं काय करता आलं असतं

गल्लीतल्या रहिवाशांना पहिल्या बैठकीलाच बोलवायला हवं होतं. खांब लागले की गाड्या सरकणार, हे गृहीतच होतं. समितीत सगळे पालकच होते, त्यामुळे रस्ता फक्त शाळेच्या बाजूने पाहिला गेला. शुश्रूषेला येणाऱ्या बाईंची वेळ आम्हाला आधी कळली असती, तर त्या एका घरासमोर जागा राखून ठेवण्याची मागणी कौन्सिलकडे खांबांच्या अर्जासोबतच गेली असती. आता तो वेगळा अर्ज आहे आणि त्याची वेगळी प्रतीक्षा.

कुणाला फाटकाजवळ थांबणं खरंच भाग आहे, हे वर्गशिक्षकांमार्फत गुपचूप विचारून घेणंही सुरुवातीलाच शक्य होतं. तसं झालं असतं तर एका आईला तो अपमान सोसावा लागला नसता. दरवर्षी सप्टेंबरच्या प्रवेश अर्जात हा प्रश्न आता समाविष्ट केला आहे.

विम्याच्या पत्रव्यवहाराला पाच महिने गेले. तो पर्याय पटला त्याच दिवशी दोन्ही विमा कंपन्यांना पत्रं गेली असती, तर फेब्रुवारीतच आवार मिळालं असतं. दंडाचा पाठपुरावा मात्र समितीने उगाच लांबवला असं मला वाटत नाही. वॉर्डन येऊन गेले त्या आठवड्यात फुटपाथ मोकळा कसा दिसतो ते सगळ्यांनी पाहिलं, आणि पुढच्या कामाला त्याचा आधार झाला.

दीड ते अडीचच्या तासासाठी पगारी देखरेख ठेवावी, असा प्रस्ताव शाळेच्या व्यवस्थापन मंडळापुढे ठेवला आहे. खर्च पालकांनी द्यायचा की शाळेने, यावर मतभेद आहेत. माझं मत शाळेने द्यावा असं आहे. जे घर तासभर गाडीत बसून राहतं, त्या घराला बहुधा दुसरी सोयच परवडत नसते.